भोपाळला न गेलेला नमुना

सुरतेच्या गोडादऱ्यात घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्याला कुणी पोल्ट्रीवाला म्हणत नाही. बर्ड फ्लूची बातमी आली की त्याच्या डोळ्यांसमोर लांबलचक शेड, हजारो पांढऱ्या कोंबड्या आणि टेम्पोत रचलेले अंड्यांचे ट्रे येतात. स्वतःचं खुराडं येत नाही. माझंही तसंच होतं. २००६ साली मी एक चूक केली, तिची झळ मला लागली नाही. पंधरा वर्षांनी दुसरी केली, तिची किंमत माझ्याऐवजी शेजारणीनं मोजली. हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले.

आमचा हा भाग सुरतेत असला तरी बोलणं अर्धं खानदेशचं. लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा इथं गल्लोगल्ली धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं. पुरुष लूमच्या खात्यात नाहीतर डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, बायका घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावणाऱ्या. मी मराठी शाळेत शिकवायचे. निवृत्त झाले तरी गल्लीत मला सगळे ‘बाई’च म्हणतात. बाईंनी सांगितलं म्हणजे ते खरं, असं इथल्या दोन पिढ्यांनी धरलेलं आहे. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. पुढं जे घडलं ते या विश्वासामुळेच घडलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

माझं माहेर नवापूरच्या लगतच्या एका वस्तीत. नवापूर अगदी हद्दीवरचं, तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पलीकडे उच्छल, पुढं सोनगड, व्यारा, बारडोली करत गाडी उधन्याला येते. नवापूरच्या आसपास मोठमोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या होत्या आणि सुरतेसारखी बाजारपेठ त्यांना जवळ होती. २००६ च्या जानेवारीच्या शेवटी तिथल्या पोल्ट्र्यांमध्ये मर लागली. राणीखेत असेल, असं सगळे म्हणत होते, कारण राणीखेत सगळ्यांच्या ओळखीचा रोग. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला. भारतात पहिल्यांदाच कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, आणि तोही आमच्या नवापूरला.

मी तेव्हा माहेरीच होते. तीन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारणार, घरच्यासुद्धा, असं कळलं. पांढऱ्या पोशाखातली, तोंडं झाकलेली पथकं पोल्ट्र्यांमध्ये शिरत होती, जेसीबीनं खड्डे खणले जात होते, चुन्याची पोती उतरत होती. आमच्या वस्तीवर ती माणसं अजून पोहोचली नव्हती. माझ्या आईकडे गावठी कोंबड्या होत्या. पाहुणा आला की एक कापायची, औषधाला पैसे लागले की एक विकायची, एवढाच तिचा हिशेब. त्या कोंबड्यांना काहीही झालेलं नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं. वस्तीतल्या कितीतरी बायकांनी कोंबड्या डाल्याखाली, कणगीमागे, कुणी शेतातल्या खोपटात लपवल्या. आईनं एक तलंग आणि एक कोंबडा टोपलीत घातला, वर लुगडं बांधलं आणि म्हणाली, “ह्या दोन तरी घेऊन जा. बाकीच्या गेल्याच म्हणून समज.”

मी शिकलेली. विषाणू म्हणजे काय ते मुलांना शिकवणारी. मला एवढं कळायला हवं होतं की बंदी पिंजऱ्यातल्या कोंबडीवर नसते, तिच्या हालचालीवर असते. निरोगी दिसणारी कोंबडी अंगात विषाणू घेऊन दोन-चार दिवस हिंडू शकते, आणि त्या दोन-चार दिवसांत तिला गाडीत बसवून दुसऱ्या राज्यातल्या शहरात नेणं यासारखी वाईट गोष्ट नाही. तेव्हा मात्र मला फक्त आईचा चेहरा दिसत होता. नवापूर टाळून मी मागच्या एका लहान स्टेशनावर गाडी धरली. टोपली पायांशी ठेवली. डब्यात बर्ड फ्लूचीच चर्चा चालू होती, आणि मी लुगड्याखालून आवाज येऊ नये म्हणून टोपलीला पाय लावून बसले होते. समोर एक बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी जागा बदलायलासुद्धा सांगितलं नाही.

काहीच झालं नाही. तलंग अंडी द्यायला लागली, खुडूक बसली, पिलं निघाली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही बर्ड फ्लू निघाला, तिथंही कोंबड्या पुरल्या गेल्या. त्या काळात मी अंडी उकडून मुलांच्या डब्यात देत होते. माणसांच्या लागणीची एकही नोंद त्या साली देशात झाली नाही. हळूहळू मी स्वतःचं असं मत बनवलं की सरकारनं उगाच घाबरवलं, गोरगरिबांच्या कोंबड्या नाहक मारल्या. हे मत मी शाळेतल्या बायकांना, गल्लीतल्या माणसांना मोठ्या खात्रीनं ऐकवायचे. माझ्या परसातली कोंबडी हा त्याचा पुरावा होता. मी वाचले ती निव्वळ नशिबानं, आणि त्या नशिबाला मी अक्कल समजले. पुढची पंधरा वर्षं मी त्या समजुतीवर कोंबड्या पाळल्या.

त्या पंधरा वर्षांत काळजी घेत नव्हते असं मात्र नाही. राणीखेतीचं भय मला होतं. पिलं आठवड्याची व्हायच्या आत लासोटाचे थेंब डोळ्यांत घालायचे, पुढं दोन महिन्यांनी आरटूबीचं इंजेक्शन द्यायचे. लसीची बाटली बर्फातून आणायचे, उघडली की लगेच वापरून टाकायचे. देवीच्या फोडांसाठी, जंतांसाठी औषधं ठेवलेली असायची. गल्लीत कुणाची कोंबडी आजारली की मला बोलावणं यायचं. पण खुराड्याला वरून जाळी नव्हती. कोंबड्या दिवसभर मोकळ्या, मागच्या मिठी खाडीच्या बाजूनं उकरत हिंडायच्या. त्याच खाडीत बगळे, टिटव्या, कावळे उतरायचे. गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं तसराळं मी भरून ठेवायची आणि त्यातलं उरलेलं पाणी संध्याकाळी कोंबड्यांच्या भांड्यात ओतायची, पाणी वाया जाऊ नये म्हणून.

बर्ड फ्लूचा विषाणू मुळात रानातल्या पाणपक्ष्यांत राहतो. बदकासारखा पक्षी तो अंगात बाळगून धडधाकट हिंडतो आणि त्याच्या विष्ठेतून तो पाण्यात, चिखलात उतरतो. हिवाळ्यात उत्तरेकडून पाखरं येतात, तापीच्या कॉजवेवर लोक त्यांना गाठिया घालायला गर्दी करतात. थंडीत आणि ओलाव्यात हा विषाणू फार टिकतो. चार अंश तापमानात विष्ठेत तो महिन्याहून जास्त जिवंत राहिल्याचं आढळलं आहे, आणि सदतीस अंशांवरही जवळपास आठवडाभर. म्हणजे आजारी पक्षी समोर असावाच लागतो असं नाही. त्यानं जिथं शिटलं तिथून चाललेली चप्पल पुरते. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा वाचलं असतं तरी मला ते लागू वाटलं असतं का, याची मला खात्री नाही.

२०२१ चा जानेवारी. आधीचं वर्ष कोरोनानं खाल्लेलं. लूम बंद पडले तेव्हा गल्लीतली बरीच कुटुंबं गावी जाऊन परत आली होती आणि येताना कुणी कुणी कोंबड्या घेऊन आलं होतं. मीही पिलं वाटली होती. माझ्या भिंतीला लागून राहणारी एक विधवा बाई, वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तिनं माझ्याच पिलांवर सुरुवात करून अंडी विकायचा छोटा धंदा जमवला होता. गावठी अंड्याला भाव चांगला होता. मुलगा मिलमध्ये, सून टिकल्यांच्या कामात, आणि नातवाच्या शाळेचा खर्च अंड्यांतून.

त्याच महिन्यात बातम्या यायला लागल्या. राजस्थान, मध्य प्रदेशात कावळे मरून पडत होते. परभणीच्या मुरुंबा गावात आठशे कोंबड्या मेल्या आणि निकाल बर्ड फ्लूचा आला. गुजरातेत जुनागढकडे टिटव्या मेल्या. पाठोपाठ सुरत जिल्ह्यातही मेलेले कावळे सापडल्याची बातमी आली. नियम असे होते: पक्षी मोकळे सोडू नका, रानातल्या पाखरांशी संबंध येऊ देऊ नका, अचानक मर दिसली तर कळवा. मी ते वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, गल्लीतला एक मुलगा गायबगळा घेऊन आला. सुरतेत पतंगांच्या या दोन दिवसांत मांजानं कापलेली पाखरं गच्च्यांवर पडतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. राज्यभर करुणा अभियान चालतं, १९६२ ला फोन केला की माणसं येऊन पाखरू घेऊन जातात. मुलगा म्हणाला, “बाई, ह्याला मांजा लागलाय.” मी पाहिलं. पंखाला जखम दिसत नव्हती. रक्त नव्हतं. तो मान टाकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, चोचीतून चिकट लाळ. मांजा लागलेला पक्षी फडफडतो, हा हलतही नव्हता. माझ्या हाताला हे कळलं होतं, डोक्यानं ते मान्य केलं नाही. उत्तरायणात पडलेला पक्षी म्हणजे मांजाचाच, असं मी ठरवून टाकलं. हळद लावली, पाणी पाजलं. रात्री गारठा होता, मांजरं होती, म्हणून त्याला खुराड्यातल्या खुडूक कोंबडीच्या कोपऱ्यात, टोपलीखाली ठेवलं. माझ्या मनात दयाच होती. पण १९६२ ला फोन केला नाही, याचं कारण दया नव्हतं. ‘कोंबड्या आहेत का घरी’ असं कुणी विचारेल, ही शंका मनात येऊन गेली होती.

सकाळी बगळा मेलेला होता. मुलानं तो गल्लीच्या टोकाला खाडीत टाकला. मी त्याला तसं करायला सांगितलं.

आठवडा उलटायच्या आत पहिली कोंबडी गेली, तीही कसलीच चाहूल न देता. संध्याकाळी दाणे टिपत होती, पहाटे पाय ताणून पडलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग एकदम सगळ्या सुस्तावल्या. तुरे जांभळे-काळे पडले, डोळ्यांभोवती आणि लोलकांना सूज आली, पायांच्या नडग्यांवर रक्ताचे ठिपके, हिरवट पाण्यासारखी हगवण. अंडी एकदम थांबली, जी एक-दोन मिळाली त्यांचं कवच पातळ. राणीखेत, जिला आम्ही मानमोडी म्हणतो, मी आयुष्यात कितीदा पाहिली होती. तिच्यात मान वळते, कोंबडी गोल फिरते, लंगडते, आणि मी पाहिलेली मर अशी घाईची नव्हती. माझ्या कोंबड्यांच्या माना सरळ होत्या. लस मी स्वतः दिली होती. बगळा माझ्या खुराड्यात मेला होता. गल्लीतल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं.

कळवायचं होतं तेव्हाच. २००९ पासून कायदाच आहे की जनावरांत, पक्ष्यांत असा साथीचा रोग दिसला तर मालकानं कळवायलाच पाहिजे. कळवलं असतं तर पशुवैद्यक आले असते, मेलेली कोंबडी आणि आजारी कोंबडीच्या घशातला व विष्ठेतला नमुना बर्फात, तीन वेष्टनांत घालून भोपाळला गेला असता. निकाल बर्ड फ्लूचा आला असता तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले असते, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी झाली असती. मारलेल्या कोंबडीची भरपाईही मिळते. त्या साली महाराष्ट्रातले दर मला नवापूरहून कळले होते: मोठ्या अंडीवाल्या कोंबडीला ९० रुपये, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. पण पथक यायच्या आधी मेलेल्या कोंबडीला काही मिळत नाही. गप्प बसणाऱ्याचं आणि लपवणाऱ्याचं नुकसान तिथंही दुप्पट.

मी कळवलं नाही, आणि का नाही तेही सांगते. आमच्या गल्लीनं १९९४ चा प्लेग पाहिलेला आहे. सप्टेंबरमध्ये लोक रातोरात गाड्या भरून खानदेशात पळाले आणि तिथं गावकऱ्यांनी त्यांना वेशीवर अडवलं. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत दारावर कागद चिकटवलेल्या घरांकडे लोक कसे बघत होते तेही ताजं होतं. माझ्यामुळे गल्लीतल्या साऱ्या कोंबड्या मारल्या जातील, पांढऱ्या पोशाखातली माणसं माझ्या दारातून आत येतील आणि ‘बाईंच्या घरून आलं’ असं कायमचं लागेल, एवढंच मला दिसत होतं. मेलेल्या कोंबड्या मी रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खाडीत टाकल्या. चुना घालून खोल पुरायच्या असतात, पाण्याजवळ तर कधीच टाकायच्या नाहीत, हे मला ठाऊक होतं.

शेजारीण भिंतीवरून म्हणाली, “बाई, तुमच्याकडे काय झालं?”

“मानमोडी,” मी म्हणाले. “ह्या वर्षी लस नीट लागली नाही वाटतं.”

हे एवढंसं खोटं मला सहज जमलं. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर मी जे केलं ते. कोंबड्याच उरल्या नाहीत तर दाण्याचं अर्धं पोतं ठेवून काय करायचं, म्हणून मक्याचा भरडा असलेलं ते पोतं मी तिला दिलं. खुराड्यातच ठेवलेलं पोतं होतं ते. वर अंड्यांचे ट्रे दिले. देताना मीच चार पावलं तिच्या परसात गेले, त्याच चपला घालून.

तिच्या कोंबड्या माझ्यापाठोपाठ गेल्या. त्या वाचणार नाहीत हे दिसल्यावर तिनं गरीब माणूस करतो ते केलं. ज्या अजून उभ्या होत्या त्यांतल्या काही मरायच्या आत कापल्या आणि घरात शिजवल्या. शिजवलेल्या मांसातून हा रोग येत नाही, सत्तर अंशांवर विषाणू मरतो. धोका त्याच्या आधी असतो. मान धरून कापताना, पिसं उपटताना, आतडी काढताना हातावर, तोंडावर जे उडतं त्यात असतो. पिसं उपटायला तिचा नातू शेजारी बसला होता. मी भिंतीच्या अलीकडून ते पाहिलं आणि “अगं, त्याला उठव” एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. ते निघालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोराला ताप भरला. खोकला, अंगदुखी. दिवस कोरोनाचे, त्यामुळे आधी तीच तपासणी, ती निगेटिव्ह आली. शेजारणीनं मला सोबत चला म्हटलं, कारण डॉक्टर गुजराती बोलतात आणि बाईंना नीट सांगता येतं. मी गेले. डॉक्टर दक्ष होते, त्यांनी बातम्या वाचलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, घरात मरघी आहेत का, एखादी मेली का? शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “होत्या. मानमोडीनं गेल्या. बाईंच्याही तशाच गेल्या.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्यांनी साधं औषध दिलं. दोन रात्री मी झोपले नाही. सकाळ-संध्याकाळ काढा, नारळपाणी, बिस्किटं घेऊन त्यांच्या दारात जायची. ती म्हणायची, बाई किती करतात. पोराचा ताप उतरला, तो शाळेतल्यासारखा दंगा करायला लागला. त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक. बहुतेक साधाच ताप. पण डॉक्टरांना खरं कळलं असतं तर त्यांनी घशाचा नमुना घेतला असता, विषाणूवरचं औषध वेळेत सुरू केलं असतं, घरातल्या बाकीच्यांवर लक्ष ठेवलं असतं. त्यांचा निर्णय माझ्या मान हलवण्यावर उभा होता.

त्याच फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. आई तोवर नव्हती. भावाच्या घरच्या कोंबड्या गेल्या. तो फोनवर म्हणाला, “ह्या वेळी कुणी लपवल्या नाहीत ताई, सगळ्यांनी दिल्या.” मी काही बोलले नाही.

शेजारणीचा धंदा बसला. नव्या कोंबड्यांना पैसे नव्हते, आणि एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. सून माहेरी गेली. पोराची शाळा ऑनलाइन झाली तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल एकच होता, तो मुलाबरोबर मिलमध्ये जायचा. अंड्यांचे पैसे असते तर दुसरा घेता आला असता. मी माझा जुना देऊ केला, तिनं घेतला. आभार मानले. ते आभार ऐकणं फार कठीण होतं.

जुलैमध्ये बातमी आली की हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये बर्ड फ्लूनं वारला. माणसाचा या रोगानं झालेला देशातला नोंदलेला पहिला मृत्यू. पेपर हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग भिंतीवरून हाक न मारता दारातून गेले आणि तिला सगळं सांगितलं. बगळा, जांभळे तुरे, पोतं, चपला, डॉक्टरांसमोरची मान. माझ्याकडे पुरावा नाही, हेही सांगितलं. राणीखेत असेल, बर्ड फ्लू असेल, कळायचा एकच मार्ग होता आणि तो मी बंद केला.

ती रागावली नाही. हातातलं टिकल्यांचं काम खाली ठेवलं आणि अहिराणीत विचारलं, “तव्हाच काबर नई सांगं, बाई?”

मी जे उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे, प्लेगचं, लोकांचं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली की पथकानं मारल्या असत्या तर कोंबड्या मारल्या असत्या, तिचा नातू पिसं उपटायला बसला नसता. त्यानंतर बरेच महिने आम्ही बोललो नाही. कोंबड्यांची भरपाई म्हणून मी पैसे नेले, ते तिनं मोजून घेतले आणि मेलेल्या कोंबड्यांइतकेच ठेवून बाकीचे परत केले.

दोन वर्षं माझं परस रिकामं होतं. खुराडं उतरवलं, लाकूड जाळलं, जमीन उकरून चुना टाकला. नंतर पुन्हा थोड्या कोंबड्या आणल्या, कारण मला त्यांच्याशिवाय करमत नाही, आणि नीट पाळता येतात हे मला स्वतःला पाहायचं होतं. आता खुराड्यावर पत्रा आहे, कारण नुसत्या जाळीतून वरच्या पाखराची शिट आत पडते. बाजूंना चिमणीही शिरणार नाही इतकी बारीक जाळी. दाणा-पाणी आतच, उघड्यावर एक कणही नाही. पाणी नळाचं. गच्चीवरचं पाखरांचं तसराळं तिथंच असतं, पण त्याचा खाली काही संबंध नाही. खुराड्याच्या चपला वेगळ्या, त्या दारातच राहतात. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरायला होणारं काम, म्हणून चपला लाल घेतल्या. पंधरवड्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी, लिटरला सात ग्रॅम, खुराड्यावर आणि भोवतीच्या जमिनीवर मारते. नवी कोंबडी आली की तीन-चार आठवडे गच्चीवर वेगळी. लहान मुलांना आत घेत नाही, याचा गल्लीतल्या पोरांना राग येतो.

कोंबड्या बंद ठेवल्या की त्या एकमेकींना टोचतात, पिसं उपटतात, हे खरं आहे. नियम पाळायचे म्हटलं की सगळ्यात मोठी अडचण हीच. जागा वाढवणं हाच खरा उपाय. ती नसेल तर कोंबड्या कमी करायच्या. मी कमी केल्या. कोबीचा गड्डा दोरीनं टांगते, राखेचं घमेलं ठेवते अंग घोळवायला, भुशात थोडे दाणे पुरून ठेवते म्हणजे उकरायला काम मिळतं. मोकळ्या कोंबडीचं सुख यात नाही, हे मी मान्य करते. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले, उरणच्या चिरनेरला कोंबड्या गेल्या, त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेल्याचं निष्पन्न झालं. त्या हिवाळ्यात माझ्या कोंबड्यांनी खाडीची बाजू पाहिली नाही, आणि त्यांना ते आवडलं नाही.

गल्लीत मी हे सगळं सांगितलं आहे. लस देताना प्रत्येक घरी सांगते, बगळ्यासकट. काही लोकांनी माझ्याकडून लस घेणं थांबवलं. एका घरी मागच्या हिवाळ्यात दोन कोंबड्या एकाच रात्री मेल्या. त्या घरच्या सुनेनं मला न विचारता थेट पशुवैद्यकांना कळवलं आणि मग मला सांगायला आली. नमुने गेले. निकाल राणीखेतीचा आला.

शेजारणीनं पुन्हा कोंबड्या घेतल्या आहेत. माझ्याकडे पिलं होती, पण ती तिनं मागितली नाहीत. व्याऱ्याहून आणली. भिंतीवरून मी विचारलं, “वेगळी ठेवलीस ना महिनाभर?” ती म्हणाली, ठेवली आहेत, पत्राही टाकून घेतला. मग तिनं मला विचारलं की लासोटाची बाटली कधी उघडणार आहे, तिच्या पिलांनाही थेंब हवेत, पण ड्रॉपर ती स्वतःचा आणेल.